आभार मानणारे मिंधे नसतात

नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत घरोघरी रोज उपकारस्तुती व्हावी, मुलांनीही तोंड उघडून देवाचे आणि माणसांचे आभार मानावेत, एवढीच सूचना आमच्या मंडळीत निघाली होती. एका सुशिक्षित गृहस्थांनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली. त्यांचं म्हणणं असं : हे अमेरिकन थँक्सगिव्हिंगचं खूळ आहे, वेळ लावून मानलेले आभार खोटे असतात, आणि मुख्य म्हणजे, मिशनच्या काळापासून ‘उपकार, उपकार’ घोकायला लावून मराठी ख्रिस्ती माणसाला वाकवून ठेवलंय, आता पोरांना तरी ताठ उभं राहू द्या. या शेवटच्या वाक्याला बऱ्याच माना डोलल्या, म्हणून लिहायला बसलो.

अमेरिकेचं आधी उरकतो. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, तो त्यांना लखलाभ. कापणीचा सण निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. तेव्हा अमेरिका कुठे होती? आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत लोक ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबडीसुद्धा घेऊन चर्चमध्ये येतात आणि भक्तीनंतर त्यांचा लिलाव होतो. गृहस्थांनी एकदा तिथे जाऊन भोपळ्यावर बोली लावावी. खरं तर हा वाद जुनाच आहे. चर्चमध्ये टाळ-मृदंग वाजावेत का, नाताळला दारात रांगोळी काढावी का, यावर आमच्या आजोबांच्या पिढीनं वर्षं घालवली. तेव्हा नको असलेली प्रत्येक गोष्ट ‘हिंदू’ ठरायची, आता ती ‘अमेरिकन’ ठरते. गोष्ट चांगली की वाईट, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही आणि आजही विचारत नाही.

वेळ लावण्याबद्दल एवढंच, की पाढेही आपण वेळ लावूनच पाठ करून घेतले आणि ते खोटे निघाले नाहीत.

राहता राहिला मिंधेपणा. यात खरं दुखणं आहे, हे मी नाकारत नाही. मिशनच्या आवारात नोकरी, घर, मुलांची शाळा एकाच माणसाच्या मर्जीवर असायची आणि मान आपोआप खाली जायची. पण त्याचा दोष आभारांच्या माथी मारणाऱ्यांनी पंडिता रमाबाई वाचलेल्याच नाहीत. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या सिस्टर्सच्या ओळखीवर रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. विधवा बाई, परका मुलूख, पदरात लहान लेक. राहिल्या त्या सिस्टर्सकडे, जेवल्या त्यांच्याच पंगतीला आणि २९ सप्टेंबरला लेकीसह बाप्तिस्मा घेतला तोही तिथेच. मिंधं व्हायला आणखी काय लागतं?

आणि झालं काय? धर्ममाता सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली छापून आला आहे. त्यात प्रेम आहे, उपकारांची जाणीव आहे आणि पानोपानी नकार आहे. मांसमच्छी खाणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत असू द्या. बिशप सांगतात म्हणून एखादं मत मान्य करणार नाही. ब्राह्मण पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे, हे त्या स्पष्ट कळवतात. सिस्टरना यात गर्व दिसला. मला वाटतं, तिथे एक माणूस देवासमोर उभा होता, म्हणून त्याला माणसांसमोर वाकावं लागलं नाही. पुढे अमेरिकेतल्या पैशांवर १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्यात आलं, दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती उभी राहिली. रमाबाईंनी मदत घेतली, आभार मानले आणि संस्था आपल्या विवेकानं चालवली. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, ती देवाच्या उपकारांनी भरलेली आहे. ही बाई वाकलेली होती, असं गृहस्थांनी एकदा छातीवर हात ठेवून सांगावं.

देणारा देव आहे असं मनापासून मानलं, की मधला माणूस मालक उरत नाही. त्याचे आभार मानता येतात आणि त्याच्याशी भांडताही येतं. आभार गिळून टाकणाऱ्याच्याच मनात देणाऱ्याचा धाक घर करून राहतो.

मग करायचं काय? फार काही नाही. आमच्या घरी कसब्यात जेवणानंतरच्या प्रार्थनेत प्रत्येकानं एक नाव घ्यायचं आणि एक गोष्ट सांगायची. ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ चालत नाही. दुसऱ्यांकडे नाही आणि आपल्याकडे आहे, म्हणून आभार, हेही चालत नाही. तशी प्रार्थना मंदिरातल्या त्या परुश्यानं केलीच होती. आजीच्या घंगाळाचे पोचे काढून देणारा तांबट आळीतला कारागीर चालतो. शेजारच्या काकू चालतात. आईला रात्री दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी मुलांना ठेवून घेतलं होतं. त्यांचा दिवाळीच्या फराळाचा डबा, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेला, नाताळच्या करंज्या भरून परत जातो. तो द्यायला मुलगी जाते आणि त्या रात्रीचं नाव घेऊन आभार मानून येते. याच मुलीनं गणपतीत दहानंतर चाललेल्या लाउडस्पीकरवरून याच काकूंशी जोरदार वाद घातला होता. दोघींचंही काही बिघडलं नाही.

मंडळीत हे सुरू झालं, तर पहिल्याच आठवड्यात घंटा वाजवणाऱ्या, बाकं पुसणाऱ्या आमच्या सेवकाचं नाव कुणाच्या तरी घरी निघेल. मग त्याचा पगार शेवटचा कधी वाढवला, हेही कुणीतरी विचारेल. विचारू द्या. गृहस्थ कमिटीवर आहेत, उत्तर त्यांनीच द्यावं.