मोजणाऱ्या कॅमेऱ्याचीही मोजणी!

लग्नाच्या अल्बममधला एखादा मोठा समूहफोटो नीट पाहा. मधले वधूवर छान दिसतात, पण कडेचा मांडवाचा सरळ खांब कधीकधी किंचित वाकलेला दिसतो. खांब वाकडा नव्हता, भिंगाने तो वाकवला! अल्बममध्ये हे खपून जाते. पण फोटोवरूनच घराची हद्द ठरणार असेल तर?

गावठाणातल्या घरांना शेतीसारखा सात-बारा नसतो. त्यांचे नकाशे व्हावेत म्हणून २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावात त्याआधीच असा प्रयोग झाला होता. जमिनीवर चुन्याने हद्द आखायची, ड्रोनने वरून फोटो घ्यायचे, त्यावरून नकाशा करायचा आणि मिळकत पत्रिका द्यायची, अशी ही पद्धत. नकाशा १:५०० प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा अर्धा मीटर. भावाभावांत कोर्टकज्जा व्हायला तेवढी जागा पुरते!

म्हणून दुकानदाराची वजने तपासतात, तसा हा कॅमेराही तपासावा लागतो. यालाच ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: भिंगाचे नाभीय अंतर नेमके किती, चित्राचा खरा मध्य कुठे आणि कडेला रेषा किती वाकतात.

पद्धत सोपी वाटेल. बुद्धिबळाच्या पटासारखा एक फलक घेतात. त्यावरच्या चौकोनांचे माप आधीच पक्के ठाऊक असते. त्याचे निरनिराळ्या कोनांतून फोटो काढतात. चौकोनांचे कोपरे कुठे दिसायला हवे होते आणि कुठे दिसले, या फरकावरून संगणक भिंगाचा दोष शोधतो. मग मोजणीच्या प्रत्येक फोटोतून तेवढा दोष वजा करतात. मात्र त्यानंतर कॅमेऱ्याचा फोकस हलवायचा नाही. कॅमेरा आपटला, तर पुन्हा तपासणी!

अनेकदा मोजणीच्या फोटोंवरूनच संगणक हे आकडे काढतो. त्यात एक फसगत आहे. सगळे फोटो एकाच उंचीवरून सरळ खाली पाहत घेतले, तर सपाट माळरानही घुमटासारखे फुगलेले दिसू शकते. म्हणून काही फोटो तिरके घेतात आणि जमिनीवरचे काही बिंदू उपग्रहांच्या साहाय्याने अचूक मोजतात. त्यांतले काही बिंदू संगणकाला मुद्दाम सांगत नाहीत. नकाशा तयार झाल्यावर तो त्यांच्याशी ताडून पाहतात. परीक्षेत ऐन वेळी विचारलेल्या प्रश्नासारखेच हे!

पण वाचकहो, कॅमेरा कितीही पारखलेला असला, तरी चुन्याची रेघच चुकली तर नकाशात ती चूकच अगदी अचूक उमटणार. तेव्हा तुमच्या गावात मोजणी असेल, त्या दिवशी स्वतः हजर राहा. शेजाऱ्याला बोलवा, रेघ दोघांनी मिळून पाहा आणि नकाशा मंजूर होण्यापूर्वी तपासा. हरकत घ्यायचीच असेल, तर ती मुदतीत आणि लेखी घ्या.