पदवी हाती, हप्ता माथी

वाशिम : अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी विलग झालेल्या या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला २०२४ साल उजाडावे लागले. रुग्णालय म्हटले की डॉक्टरांइतकेच फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा व क्ष-किरण तंत्रज्ञही लागतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांना स्वतंत्र ओळखही दिली. मात्र कायदा मान्यता देतो, वेतनाची हमी देत नाही.

कर्जाचे गणित पाहा. वर्षाला १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले, व्याज १० टक्के धरले आणि आंतरवासितेसह पाच वर्षे व पुढे सवलतीचे एक वर्ष हप्ता थांबला, तर सरळव्याजानेही बोजा ५ लाख ८० हजारांवर जातो. दहा वर्षांची फेड म्हणजे दरमहा सुमारे ७,६६५ रुपये. पहिला पगार १५ हजार असेल, तर निम्मा बँकेचाच! शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास हप्ता ५,२९० रुपयांच्या आत राहतो. पण सोयाबीनच्या भावावर घर चालविणाऱ्या पालकांना ते कितपत झेपणार?

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती नाही. तेव्हा प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला, यावरच पुढच्या दहा वर्षांची मिळकत ठरणार आहे. शासनानेही हे अभ्यासक्रम जिल्ह्यातच सुरू केल्यास वसतिगृहाचा खर्च तरी वाचेल.