आठ सवलती, पण भाकर कुठे?



आपल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले आहे, की पूर्वी पाऊस लांबला आणि गावात कोणी पाहुणा आला, तर राम राम झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न असायचा, "घरमा दाना शे का?" आता पाहुणा विचारतो, "पैसेवारी किती लागली?" पैसेवारी लागणारच, ती लागलीही पाहिजे. पण या दोन प्रश्नांमध्ये काय हरवले, त्याचा हिशेब आज मांडायचा आहे.

२०२३ चा पावसाळा आठवा. ऑगस्ट पुरता कोरडा गेला. कपाशीची पाती गळाली, हलक्या रानातली ज्वारी पोटरीत येण्याआधीच करपली. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात धुळे जिल्ह्यातला शिंदखेडा होता, जळगाव जिल्ह्यातला चाळीसगाव होता. बाकीच्यांनी ओरड केली तेव्हा पुढच्या महिन्यात १,०२१ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. सदृश म्हणजे दुष्काळासारखे दिसणारे काहीतरी. पीक गेले ते मात्र सदृश गेले नाही, खरोखरच गेले.

या सदृश मंडळांना आठ सवलती मिळाल्या. जमीन महसुलात सूट. सहकारी कर्जाचे पुनर्गठन. शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती. कृषी पंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. टंचाईच्या गावांत पंपाची वीज तोडायची नाही. पोरांची परीक्षा फी माफ. रोजगार हमीच्या निकषांत थोडी ढील. लागेल तिथे पिण्याच्या पाण्याचा टँकर. एकही सवलत वाईट नाही, आणि कोणी काढून घेतली तर आपणच रस्त्यावर येऊ. पण ज्याच्या वावरात विहीरच नाही त्याने पंपाच्या दोन सवलतींचे काय करायचे? कोरडवाहूवाल्याचा शेतसारा असतो किती? कर्जाचे पुनर्गठन म्हणजे कर्ज तेच, हप्ते लांबले, व्याज चालू. आठ सवलती पुन्हा एकदा वाचा. त्यात माणसासाठी दाणा नाही आणि ढोरासाठी कडबा नाही.

जिथे दुष्काळ पुरता जाहीर होतो तिथे पैसे मिळतात म्हणतात. तेही मोजू. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, ते दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकराला ३,४४० रुपये. २०२५ च्या खरिपात बीटी कपाशीची पिशवी ९०१ रुपयांची होती. एकराला दोन लागतात, झाले १,८०२. डीएपीची एक गोणी १,३५० रुपये. उरले २८८. या २८८ रुपयांत नांगरटी, वखरणी, निंदणी करायची आणि पुढचे पीक घरात येईपर्यंत पाच माणसांनी जेवायचे. सरकारी मदत कुटुंब उभे करण्यासाठी नसते, कृषी केंद्राचा गल्ला चालू राहावा एवढ्यापुरती असते. कोणाला हे बोलणे कडू वाटेल, पण आकडे त्यांचेच आहेत.

कचेरीत असे धरतात की पाऊस पडला, दुष्काळ संपला. घरात काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. वैरण संपली की आधी बैल बाजारात जातात. सगळ्यांचेच बैल एकाच बाजाराला येतात, म्हणून मिळेल त्या भावाने जातात. २०१५ साली बैलांच्याही कत्तलीवर बंदी आल्यापासून तर उतरत्या वयाच्या जनावराला गिऱ्हाईकच राहिले नाही. मग बाईच्या अंगावरचे गहाण पडते. मग चाळीसगाव, साक्रीकडची कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन उसाला नाहीतर सुरतेकडे निघतात, पोरांची शाळा मागे राहते. पुढच्या जूनमध्ये पाऊस चांगला पडतो, पण बैलजोडी नसते. ट्रॅक्टरवाला ज्याचा नंबर आधी त्याच्याकडे जातो. आपली पेरणी आठ-दहा दिवस मागे पडते, आणि कोरडवाहूत दहा दिवस म्हणजे अर्धे पीक. विकलेली जोडी परत घ्यायची तर पडत्या भावात विकलेली चढत्या भावात घ्यावी लागते. हा तोटा कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. दुष्काळ एका वर्षाचा असतो, आपल्या घरात तो तीन वर्षे राहतो.

१९७२ च्या दुष्काळात आजच्यासारखे पैसे खात्यावर येत नव्हते. पण मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसे होती. कामावर मजुरी मिळत होती, पोरांना सुकडी मिळत होती, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळत होती. मिलोच्या भाकरीला आपल्या आज्या अजून नावे ठेवतात. ठेवू देत. ती पोटात गेली म्हणून माणसे तगली. खडी फोडून हात सोलले, त्यातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्या सरकारची आरती ओवाळायची नाही. पण दाणा आधी, बाकी मग, एवढे तरी त्यांना कळले होते.

आता आमच्याच चुकीकडे येऊ. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा आम्ही नुकतेच शेतकी कॉलेजातून बाहेर पडलो होतो. गावोगाव जाऊन फळ्यावर हिशेब मांडायचो: ज्वारीचे एकरी एवढे, कपाशीचे एकरी तेवढे. फळ्यावर कपाशी नेहमी जिंकायची. लोकांनी ऐकले, ज्वारी बांधावर गेली आणि मग बांधावरूनही गेली. आमच्या हिशेबात एक रकमच नव्हती, कडब्याची. घरी खाल्लेल्या दाण्याचीही नव्हती, कारण जे विकले नाही त्याला भाव कुठला लावायचा? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली तेव्हा तो फळा आम्हाला आठवला. शिवारात दुसरे काहीच उभे नव्हते.

ती रक्कम आज धरून पाहू. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो पीठ लागते, म्हणजे वर्षाला सव्वासात क्विंटल धान्य. रेशनचे माणशी पाच किलो मिळत असेल तर वर्षाचे तीन क्विंटल झाले. उरलेले चार-सव्वाचार क्विंटल बऱ्या वर्षी एक एकर कोरडवाहू ज्वारी देते, वर दीड-दोन टन कडबा. एका बैलाला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण धरली तर जोडीला वर्षाला साडेचार-पाच टन लागते. म्हणजे एकरभर ज्वारीने चार-पाच महिने जोडी सांभाळता येते, आणि ते महिने मार्च ते जुलैचे असतात. बैल विकले जातात ते याच महिन्यांत.

आम्ही असे म्हणालो की सभेत कोणीतरी उठून म्हणतो, "साहेब, ज्वारी पेरली तर पाखरे ठेवतात का?" खरे आहे. दोनशे एकराच्या शिवारात एकट्याने ज्वारी पेरली तर साऱ्या शिवाराची पाखरे त्याच्याच वावरात उतरतात. रानडुकरांचे तेच. म्हणून एकट्याने पेरायचीच नाही. पांझरेकाठी आपल्या बापजाद्यांची फड पद्धत होती, काही बंधाऱ्यांवर ती परवापरवापर्यंत चालली. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी किती रान भिजवायचे ते गावाचे पंच आधीच ठरवत. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी. आपल्या कोरडवाहूत पाट नाही, पण लागून असलेली पंधरा-वीस वावरे एका वर्षी मिळून ज्वारीखाली घ्यायला आणि राखणीला दोन माणसे ठेवायला कोणाची मंजुरी लागते?

जमीन पाहूनच पेरा. भारी काळ्या रानात, तापीकाठच्या गावांना दादर नव्याने शिकवायची गरज नाही. खरीप गेले आणि सप्टेंबरात एखादा पाऊस आला, तर दादर आणि हरभरा हेच घर वाचवतात. राहुरीच्या विद्यापीठाचे भारी जमिनीसाठी फुले वसुधा, फुले रेवती, मध्यमसाठी फुले सुचित्रा, हलकीसाठी फुले अनुराधा हे रब्बीचे वाण आहेत. ते संकरित नाहीत, म्हणून चांगली कणसे निवडून बियाणे घरचे ठेवता येते. खरिपात पाऊस जुलैच्या मध्याच्या पुढे गेला तर मूग-उडदाच्या नादी लागू नका, ज्वारीलाही खोडमाशी लागते. तेव्हा बाजरी आणि तूर बरी. आणि एक इशारा: पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी किंवा खोडव्याचे फुटवे भुकेल्या ढोरांना खाऊ घालू नका. त्यात विष तयार होते आणि जनावर तासाभरात जाते.

संघटनेतले काही जुने कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "आपण भावाची लढाई लढणारी माणसे. आता रेशनचे दाणे मागायचे का? ही भीक नाही का?" त्यांचा राग आम्हाला समजतो. पण कापूस दिवाळीच्या आत खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर कोण टाकतो? ज्याच्या कणगीत दाणा नाही तो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, पण तो वर जाईपर्यंत किती जणांच्या घरात कापूस होता? पुढच्या वर्षी ज्यांनी ठेवला ते फसले, हेही खरे. फायदा होवो की तोटा, ठेवायचे की विकायचे हे निदान त्यांनी स्वतः ठरवले. २०२५ साली सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि मुदत वाढवून ते डिसेंबरअखेरपर्यंत माफ ठेवले. ऐन आपला कापूस निघायच्या वेळी. अशा वेळी सहा महिने थांबायची ताकद फक्त भरलेल्या कणगीतून येते. आपण कापसासाठी रस्ते अडवले, ज्वारीसाठी एकदाही नाही. ही आपल्या संघटनेची कमतरता आहे आणि ती आम्ही आमच्यासकट सांगतो.

मागायचे काय, तेही सांगतो. २०१५ साली सरकारने मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी पाच किलो धान्य, गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये किलोने, द्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये धान्य थांबवून माणशी महिना १५० रुपये केले. त्या यादीत ना जळगाव, ना धुळे. चाळीसगावहून घाट चढून कन्नडला गेले की केशरी कार्डाचा शेतकरी यादीत, घाटाखाली तसाच शेतकरी यादीबाहेर. २०२३ ला पावसाने काही घाट पाहून दडी मारली नव्हती. खान्देशचे कोरडवाहू तालुके त्या यादीत आले पाहिजेत, आणि पैसे नकोत, धान्य हवे. तेही ज्वारीचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही लिहिलेले आहे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये होता, पण खरेदी केंद्र उशिरा उघडते आणि कित्येकदा उद्दिष्ट संपले म्हणून काटा बंद होतो. खान्देशची ज्वारी हमीभावाने घ्या आणि खान्देशच्याच रेशन दुकानात द्या. पंजाबचा गहू इथे आणायचे गाडीभाडे वाचेल. आणि दुष्काळ जाहीर करायच्या कागदावर नववी सवलत लिहा: जोडीमागे कडबा, गावातच, फेब्रुवारीच्या आत. २०१९ च्या चारा छावण्या बहुतेक नगर, बीड, सोलापूरकडे लागल्या, आपल्याकडची ढोरे बाजारात गेली.

पाण्याच्या कामांवर या अंकात लिहीत नाही. शिरपूर तालुक्यातली नाला खोलीकरणाची कामे पुष्कळांनी पाहिली आहेत, त्यावर वेगळे बोलू.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर तीन गोष्टी: २०२३ च्या पोळ्याला गावात किती बैलजोड्या होत्या आणि आज किती आहेत, यंदा ज्वारी, दादर, बाजरी मिळून किती एकर पेरली, आणि आज किती घरांत पुढच्या पिकापर्यंत पुरेल एवढा दाणा आहे. तिसरा आकडा पुरुषांना विचारू नका, घरातल्या बाईला विचारा. कागदावर गावाचे नाव आणि तालुका स्पष्ट लिहा, म्हणजे कलेक्टरांपुढे निवेदन ठेवताना गाववार यादी जोडता येईल.