कैसर विल्हेल्म : अंकुश नसलेली सत्ता

जर्मनीचा शेवटचा सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये जन्मला. वडील प्रशियाचे राजपुत्र फ्रेडरिक, आई इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची थोरली लेक. बाळंतपण अडल्यामुळे त्याच्या डाव्या हाताला इजा झाली आणि तो हात जन्मभर आखूड व अधू राहिला. आई उदारमतवादी, संसदीय राज्यपद्धतीचा पुरस्कार करणारी. मुलाला मात्र पॉट्सडॅमच्या पलटणीतला गणवेश आणि रुबाब अधिक जवळचा वाटला.

मार्च १८८८मध्ये आजोबा पहिले विल्हेल्म वारले. फ्रेडरिक गादीवर आले, पण घशाच्या कर्करोगाने ९९ दिवसांतच गेले. १५ जून रोजी विल्हेल्म सम्राट झाला, तेव्हा तो अवघा २९ वर्षांचा होता. १८७१च्या राज्यघटनेने सैन्याचे नेतृत्व आणि चान्सलरची नेमणूक सम्राटाच्या हाती ठेवली होती. निवडून आलेली संसद, म्हणजे राइशस्टाग, कायदे आणि अंदाजपत्रक मंजूर करी. चान्सलर मात्र तिला जबाबदार नव्हता. ही रचना पहिला चान्सलर बिस्मार्कने आखली आणि वृद्ध सम्राट त्याचे ऐकत होता तोवर ती निभावली. नव्या सम्राटाने मार्च १८९०मध्ये खुद्द बिस्मार्कलाच घरी बसवले. सम्राटाला रोखण्याची सोय घटनेत नव्हती.

त्याच वर्षी रशियाशी असलेल्या गुप्त कराराचे नूतनीकरण झाले नाही. रशिया फ्रान्सकडे वळला आणि १८९४पर्यंत त्या दोघांची युती झाली. १८९८ आणि १९००च्या कायद्यांनी अ‍ॅडमिरल टिर्पिट्झच्या योजनेनुसार मोठे आरमार उभे राहू लागले. समुद्रावरील वर्चस्वाला आव्हान मिळताच ब्रिटनने १९०४मध्ये फ्रान्सशी आणि १९०७मध्ये रशियाशी जुने वाद मिटवले. सम्राटाची जीभही आवरत नव्हती. १९०८मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने छापलेल्या त्याच्या उद्गारांनी इंग्रज दुखावलेच, पण जर्मनीतही गदारोळ झाला. राइशस्टागमध्ये कडक टीका झाली. अधिकार मात्र तसूभरही कमी झाले नाहीत.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. ५ जुलैला विल्हेल्मने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे वचन दिले आणि तो नॉर्वेच्या जलप्रवासाला निघून गेला. परतल्यावर ऑस्ट्रियाच्या निर्वाणीच्या खलित्याला सर्बियाने दिलेले नमते उत्तर वाचून युद्धाचे कारणच उरले नाही, असे त्याने नोंदवले. पण त्याच दिवशी, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. १ ऑगस्टला सारे सैन्य पूर्वेकडे, रशियाविरुद्ध, वळवण्याची त्याची सूचना सेनाप्रमुख मोल्टकेने फेटाळली : आधी फ्रान्सवर चढाई करण्याची वर्षानुवर्षे आखलेली योजना आयत्या वेळी बदलता येत नाही. सर्वाधिकारी म्हणवणाऱ्या सम्राटाला स्वतःच्या सेनेचे वेळापत्रकही हलवता आले नाही.

युद्धात तो मागे पडत गेला. ऑगस्ट १९१६पासून सूत्रे सेनापती हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांच्याकडे गेली. फेब्रुवारी १९१७मध्ये पाणबुड्यांचे अनिर्बंध हल्ले सुरू झाले आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. १९१८च्या वसंतातील शेवटची मोठी चढाई फसली. नोव्हेंबरच्या आरंभी कीलच्या खलाशांचे बंड देशभर पसरले. ९ नोव्हेंबरला चान्सलर माक्स यांनी सम्राटाच्या संमतीची वाट न पाहता त्याचा राज्यत्याग जाहीर केला. बेल्जियममधील स्पा येथील लष्करी मुख्यालयात सेनापतींनी त्याला बजावले की, सैन्य त्याच्यासाठी लढणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने नेदरलँड्स गाठले आणि २८ नोव्हेंबरला राज्यत्यागावर सही केली.

व्हर्साय तहाच्या २२७व्या कलमात त्याच्यावरील खटल्याची तरतूद होती. डच सरकारने त्याला सोपवण्यास नकार दिला. डोर्न येथील वाड्यात लाकडे फोडत, आठवणी लिहीत आणि गादी परत मिळेल या आशेवर त्याने उरलेली वर्षे काढली. ४ जून १९४१ रोजी तो तिथेच वारला. तेव्हा नेदरलँड्स हिटलरच्या सैन्याच्या ताब्यात होते. अंत्यविधीत नाझी चिन्हे नकोत, ही त्याची इच्छाही पाळली गेली नाही.