उघड्या यंत्राची शाळा

झेड-८० या मायक्रोप्रोसेसरचे उत्पादन थांबवीत असल्याचे झायलॉग या अमेरिकन कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि शेवटच्या मागण्या नोंदविण्यास ग्राहकांना जूनपर्यंतची मुदत दिली. फेदेरिको फाजिन यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली ही चिप १९७६ साली बाजारात आली होती. ज्या व्यवसायात पाच वर्षांपूर्वीची वस्तू मोडीत निघते, त्या व्यवसायात एखाद्या चिपला ४८ वर्षांचे आयुष्य लाभावे हे विलक्षणच म्हटले पाहिजे. परंतु त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, या घोषणेने ज्यांना हळहळ वाटली त्यांत केवळ कारखानदार नव्हते. घरच्या टेबलावर, संध्याकाळच्या फावल्या वेळात, या चिपभोवती स्वतःच्या हातांनी संगणक उभारणारे देशोदेशीचे हौशी लोकही होते.

या छंदाची थट्टा करणे सोपे आहे. खिशातला साधा मोबाइलही ज्याच्यापुढे महासंगणक ठरावा, असे यंत्र महिनाभर खपून तयार करायचे आणि अखेर त्याच्याकडून दोन आणि दोन चार एवढे वदवून घ्यायचे, यात कसला पुरुषार्थ, असे कोणीही विचारील. तथापि या छंदाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याचा निकाल लावणे न्यायाचे होणार नाही.

ब्रिटनमधील स्पेन्सर ओवेन यांनी तयार केलेला ‘आरसी-२०१४’ हा संच या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘रेट्रोचॅलेंज’ या हौशी उपक्रमातून तो निघाला आणि त्याचे नाव व साल त्याने स्वतःला लावून घेतले. एका लांब पट्टीवर खाचांच्या ओळी असतात आणि प्रत्येक खाचेत एकेक कार्ड उभे राहते. एका कार्डावर प्रोसेसर, दुसऱ्यावर ठोके देणारा स्फटिक, तिसऱ्यावर कायम स्मृती, चौथ्यावर तात्पुरती स्मृती आणि पाचव्यावर बाह्य जगाशी बोलण्याची व्यवस्था, अशी कामाची वाटणी असते. सर्व कार्डे त्याच सामायिक तारांवरून परस्परांशी व्यवहार करतात. त्यांपैकी १६ तारांवरून स्मृतीतील पत्ता जातो आणि ८ तारांवरून मजकूर. १६ तारा म्हणजे ६५,५३६ पत्ते. या यंत्राचे सारे विश्व तेवढेच. परंतु त्या विश्वात मनुष्याच्या नजरेआड असे काही राहत नाही.

कार्डांची ही कल्पना नवी नाही. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला आल्टेअर-८८०० हा संगणक याच तत्त्वावर उभा होता. त्याची मूळ स्मृती अवघी २५६ बाइटांची होती. पण खाचा मोकळ्या होत्या, आणि त्या खाचांसाठी इतरांनी कार्डे बनविण्यास सुरुवात केली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ जन्माला आला. स्टीव्ह वॉझ्निअॅक त्या मंडळींपैकीच एक; पहिला अॅपल संगणक त्यांनी याच क्लबच्या सभासदांपुढे मांडला. पुढे ज्या उद्योगाने जग व्यापले त्याचे एक मूळ असे छंदात आहे, हे थट्टा करणाऱ्यांनी विसरू नये.

मात्र या छंदाचा खरा आधार इतिहास नसून त्यातून मिळणारे ज्ञान हा आहे. झेड-८० च्या मजकुराच्या आठही तारा शून्यावर बांधल्या, तर प्रत्येक पत्त्यावर त्याला ‘काही करू नकोस’ हीच आज्ञा वाचावयास मिळते. ती निमूटपणे पाळून तो पुढच्या पत्त्याकडे वळतो. पत्त्यांच्या तारांवर लहान दिवे लावले की ते द्विमान पद्धतीने मोजदाद करू लागतात. प्रोसेसर म्हणजे बुद्धिमान पेटी नव्हे, तर पत्ता टाकून उत्तराची वाट पाहणारे एक आज्ञाधारक यंत्र आहे, ही गोष्ट दहा व्याख्यानांनी जेवढी पटत नाही तेवढी त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांनी पटते. स्फटिक सेकंदाला ७३,७२,८०० कंपने देणाराच का निवडतात, हा प्रश्नही मग कोडे राहत नाही. या संख्येला ६४ ने भागले की नेमके १,१५,२०० येतात आणि तोच यंत्राच्या संभाषणाचा प्रतिसेकंद वेग असतो. आकड्यामागे कारण असते, हे एकदा उमगले की विद्यार्थी पुढच्या आकड्यालाही कारण विचारू लागतो.

आणि यंत्र चालले नाही तर? बहुधा ते पहिल्या दिवशी चालत नाहीच. कुठे डाख कच्चा राहिलेला असतो, कुठे चिप उलटी बसलेली असते, कुठे दोन कार्डे एकाच वेळी तारांवर बोलू पाहतात. अशा वेळी कार्डांच्या रचनेचे मोल कळते. एकेक कार्ड काढावे, एकेक शंका फेडावी आणि दोषाला कोपऱ्यात गाठावे. दोष आपलाच आहे आणि तो सापडण्याजोगा आहे, हा विश्वास तंत्रज्ञाच्या शिक्षणाचा पाया होय.

येथेच हा विषय छंदाच्या कक्षेबाहेर येतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. साणंद, धोलेरा आणि जागीरोड येथे प्रकल्प हाती घेण्यात आले. हे स्वागतार्हच आहे. परंतु कारखाना पैशाने उभा राहतो, तो चालविणारी माणसे पैशाने उभी राहत नाहीत. अभियांत्रिकीच्या कितीतरी विद्यार्थ्यांची मायक्रोप्रोसेसरशी ओळख होते ती ८०८५ च्या तयार संचावर. कळफलकावरून दोन संख्यांची बेरीज करावयाची, उत्तर वहीत उतरवावयाचे आणि संच पुन्हा कपाटात जावयाचा. पेटीच्या आत काय घडले, हा प्रश्न विचारण्याची गरजच पडत नाही.

मुंबईला तरी हे सांगावे लागू नये. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्वात नळ्या व फेराइट गाभ्यांची स्मृती वापरून आपला संगणक स्वतः घडविला. तो १९६० साली कामास लागला आणि १९६२ साली पंतप्रधान नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. तो पूर्ण होईतो जगात त्याहून सरस यंत्रे निघालेली होती. म्हणून तो खटाटोप वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. कारण त्या खटाटोपातून यंत्राबरोबर माणसेही घडली.

एक आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. आज प्रोसेसर, स्मृती आणि घड्याळ एकाच चिपमध्ये अल्प किमतीत मिळते; मग तारांचा हा संसार कशाला? उत्पादनासाठी तीच चिप योग्य, याबद्दल दुमत नाही. पण तिच्यात तारा झाकलेल्या असतात, आणि शिकणाऱ्याला झाकलेल्या वस्तूचा उपयोग नसतो. शरीरशास्त्र शिकणाऱ्याला सांगाडा उघडाच दाखवावा लागतो.

तेव्हा तंत्रनिकेतनांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एक सत्र या कामी खर्ची घालावे. चार विद्यार्थ्यांमागे एक पट्टी द्यावी; प्रत्येकाने एक कार्ड स्वतः डाखावे आणि चौघांनी मिळून यंत्र बोलते करावे. झेड-८० च्या उरलेल्या चिपा संपल्या तरी बिघडत नाही. ६५०२ च्या जातीचा प्रोसेसर आजही तयार होतो. लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून बाकीचे सामान मिळणेही अवघड नाही. गुण मात्र यंत्र चालले की नाही यावर देऊ नयेत. कोणता दोष आढळला, तो कसा शोधला आणि कोणती शंका चुकीची ठरली, याची वही तपासावी व तिलाच गुण द्यावेत. अशी वही दुसऱ्याची पाहून उतरविता येत नाही, हा तिचा आणखी एक गुण आहे.