भाडं किती भरता?

महापौरपदाच्या उमेदवाराला कोंडीत पकडायचं असेल तर धोरण विचारू नये, आकडा विचारावा. धोरण पाठ करता येतं. 2021 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संपादक मंडळानं न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुकांना शहरातल्या ब्रुकलिनमधल्या घरांची किंमत साधारण किती असते, असं विचारलं. शॉन डोनोव्हन म्हणाले, 1 लाख डॉलर. रे मॅग्वायर 80-90 हजारांच्या आसपास घुटमळले. खरा आकडा होता 9 लाख. हे डोनोव्हन ओबामांच्या सरकारात गृहनिर्माणमंत्री होते बरं का! अँड्र्यू यांगनी अचूक उत्तर दिलं. निवडून मात्र तेही आले नाहीत.

2025च्या ऑक्टोबरात त्याच पदाचे तिघं उमेदवार वादाच्या मंचावर समोरासमोर उभे राहिले, तेव्हा प्रश्न थेट खिशाचा होता. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो महिना 7,800 डॉलर भाडं भरत होते, रिपब्लिकन कर्टिस स्लिवा 3,900 आणि डेमोक्रॅटिक आमदार झोहरान ममदानी 2,300. ममदानींची जागा भाडेनियंत्रणाखालची होती. आमदाराचा पगार घेऊन गरिबाची जागा अडवून बसलात, हा कुओमोंचा जुना टोमणा. तुमचं भाडं जास्त आहे असं वाटत असेल तर मला मत द्या, असा ममदानींचा पलटवार. टाळ्या कुणाला मिळणार हे उघड होतं.

ममदानींचं मुख्य वचन होतं नियंत्रित भाडी गोठवण्याचं. अशी घरं सुमारे 10 लाख. दरवर्षी किती वाढ द्यायची हे 9 जणांचं एक मंडळ ठरवतं आणि ते सगळे सदस्य महापौरच नेमतो. म्हणजे हे वचन हवेतलं नव्हतं. माजी महापौर डी ब्लासिओंच्या काळात भाडी तीनदा गोठली होती. (आपल्याकडे अशा नेमणुका महापौराच्या हाती असत्या तर त्याला फक्त फिती कापाव्या लागल्या नसत्या.)

तरी मुंबईकर वाचकाच्या मनात पाल चुकचुकणारच. आपण 1947च्या कायद्यानं भाडी 1940च्या पातळीवर खिळवली आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच ठेवली. मग पागडी आली. मालकानं छपराकडे बघणं सोडलं आणि 1969मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला. वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली ती थेट 1999च्या कायद्यात. न्यूयॉर्कचं मंडळ निदान दरवर्षी नव्यानं बसतं, हा फरक मोठा आहे. पण भाडं थांबवल्यानं एकही खोली नवी उभी राहत नाही, हे गिरगाव-लालबागला कुणी शिकवायला नको.

न्यूयॉर्कमध्ये नव्या खोल्यांचा प्रश्नही महापौर निवडीच्याच मतपत्रिकेवर होता. आपल्या विभागातली इमारत नको, असं स्थानिक नगरसेवकानं म्हटलं की सिटी कौन्सिल सहसा त्याच्यामागे जायचं. ही अडवणूक मोडणारे तीन प्रस्ताव मतदारांपुढे होते. त्यातल्या एकानुसार महापौर, कौन्सिलचे सभापती आणि बरोचे (म्हणजे ब्रुकलिनसारख्या शहरविभागाचे) अध्यक्ष यांच्यातले कोणतेही दोघं मिळून नकार फिरवू शकणार होते. कुओमोंचा पाठिंबा, स्लिवांचा विरोध. ममदानींना वादाच्या मंचावर विचारलं, तर त्यांची भूमिका अजून ठरलेली नव्हती. भाड्यावर तासन्‌तास बोलणारा माणूस बांधकामावर गप्प! मला त्या अख्ख्या प्रचारातलं हेच सगळ्यांत बोलकं वाटलं.

4 नोव्हेंबरला, मतदानाच्या दिवशी, ममदानी म्हणाले की आपण तिन्ही प्रस्तावांच्या बाजूनं मत दिलं. प्रस्ताव मंजूर झाले, तेही जिंकले. वादाचे मंच तोवर आवरले होते. कुठल्या नगरसेवकाचा नकार आधी फिरवणार, हे विचारायला समोर कुणी नव्हतं.