प्रोफेसर आघारकर आणि आमची कोरडवाहू जमीन

कोरेगाव तालुक्यातील करंजखोप येथील शेतकऱ्यांनी ‘एमएसीएस 6478’ ह्या गव्हापासून हेक्टरी 45 ते 60 क्विंटल उतारा मिळविल्याची हकीकत 2021 साली प्रसिद्ध झाली, ती आमच्या वाचकांस स्मरत असेल. पूर्वी लोक 1 वगैरे जुन्या वाणांपासून त्यांच्या पदरी 25 ते 30 क्विंटलच पडत असत. हे नवे वाण सुमारे 110 दिवसांत तयार होते व तांबेऱ्यास सहसा बळी पडत नाही.

हे वाण निपजले पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत. ही संस्था आगरकर रस्त्यावर असल्यामुळे पुष्कळ लोक तिचा संबंध आपल्या टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांशी जोडतात. पण आगरकर निराळे आणि आघारकर निराळे. प्रोफेसर शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्यांचा जन्म 1884 साली मालवणास झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत असता सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतून हिंडण्याचा त्यांस नाद होता. 1911 च्या सुमारास आपल्याच सातारा जिल्ह्यात, कोयना व वेण्णा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत, त्यांस गोड्या पाण्यात राहणारा छत्रीच्या आकाराचा एक पारदर्शक जलचर सापडला. त्याचे भाऊबंद तोपर्यंत आफ्रिकेतच ठाऊक होते. आपल्या लोकांनी त्या डोहांवर पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाजली असतील. पाहिले मात्र एकानेच.

पुढे 1914 साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांस वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष प्राध्यापक नेमले. अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले, तोच महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांस तेथे नजरकैद भोगावी लागली. तरीही अभ्यास न सोडता 1919 साली त्यांनी बर्लिनची डॉक्टरची पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. हिंदुस्थानच्या वायव्येकडील रुक्ष व खारवट जमिनीत कोणत्या वनस्पती तग धरतात, त्यांचे बी कोणत्या साधनांनी पसरते व त्या मूळच्या कोठल्या, ह्याचा तो शोध होता. 1946 पर्यंत त्यांनी कलकत्त्यास अध्यापन केले आणि त्याच साली पुण्यास महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या संशोधनाची धुरा उचलली. विश्रांतीच्या वयात रिकाम्या हाताने संस्था उभारण्याचा हा उद्योग 1960 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी चालविला. 1992 साली संस्थेस त्यांचे नाव मिळाले.

काटेरी झुडपांचा आणि डोहातल्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्याचा नांगरधाऱ्यास काय उपयोग, असे म्हणणारे सभासद आमच्यातही आहेत. करंजखोपची कणगी हे त्यांस उत्तर आहे. पण आमचे समाधान एवढ्यावर होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गहू हे ज्याच्या विहिरीस माघ महिन्यापर्यंत पाणी, त्याचे पीक. वडूजच्या पूर्वेस माण तालुक्याकडे जसजसे जावे तसतशी येरळाकाठची काळी जमीन मागे पडते, माळ लागतो, आणि तेथे बाजरी, मटकी, हुलगा ह्यांवरच संसार चालतो. थोड्या पाण्यावर झाड कसे जगते हा प्रश्न ज्या पुरुषाने तरुणपणी हाती घेतला, त्याच्या संस्थेकडून ह्या हलक्या पिकांसाठीही गव्हाइतक्याच जिद्दीची अपेक्षा करणे गैर नाही. हलकी म्हणतात ती बाजारभावामुळे. खाणाऱ्याला ती कधीच हलकी नव्हती.

अर्थात मागणे एकतर्फी असू नये. आमच्याकडे घरोघरी जुनी बियाणी होती. दुष्काळात जी तगली ती कोणती, हे म्हाताऱ्या बायकांस अजून तोंडपाठ आहे. पण ते कोणी टिपून ठेवीत नाही, आणि दुकानची पिशवी आली की उतरंडीतले गाडगे रिकामे होते. शास्त्रज्ञास हे बी व ही माहिती हवी असते. ती आम्ही न दिल्यास त्याने पुण्यातल्या कुंडीत माणचा माळ कसा निर्माण करावा?

म्हणून येत्या खरिपाच्या आधी आमच्या मंडळाने संस्थेस रीतसर पत्र लिहावे, असे आमचे मत आहे. जे सभासद प्रयोगासाठी पाच गुंठे कोरडवाहू जमीन देण्यास तयार असतील, त्यांनी गाव, जमिनीचा प्रकार आणि घरातील जुन्या बियाण्याचे नाव लिहून चैत्र अखेरपर्यंत आम्हांकडे कळवावे. बी पावशेर असले तरी चालेल; मात्र त्यात दुसरे मिसळलेले नसावे.